झिंक ईडीटीए आणि आयसीयूतली क्लेबसिएला

सकाळी लॅबमध्ये आलं की आधी इनक्युबेटर आणि मग चहा, हा आमचा क्रम. त्या दिवशी चहा राहूनच गेला. आयसीयूतल्या एका आजींचं ब्लड कल्चर, निफाडकडच्या आजी, किडनीत स्टोन अडकून इन्फेक्शन रक्तात उतरलेलं, त्यात क्लेबसिएला न्यूमोनिए हा जंतू वाढला होता आणि आदल्या दिवशी मशीनने सेन्सिटिव्हिटी (कुठलं औषध चालेल ते) दिली तर जवळपास प्रत्येक औषधापुढे आर, म्हणजे रेझिस्टंट, चालणार नाही. मेरोपेनेमपुढे पण आर. आयसीयूवाल्यांचा तो हुकमी एक्का, तो गेला की डॉक्टर फोनवर आवाज खाली आणून विचारतात, मॅडम नक्की ना?

नक्कीच होतं, पण का, हे कळल्याशिवाय उपयोग नाही. कारण मेरोपेनेम फोडणारी एन्झाइम्स एका जातीची नसतात आणि पुढचं औषध त्यावरच ठरतं. म्हणून आदल्या दिवशीच दोन ट्यूब लावल्या होत्या. दोन्हीत ब्रॉथ, म्हणजे जंतू वाढवायचं पाणी, दोन्हीत हाच जंतू, दोन्हीत मेरोपेनेमची १० मायक्रोग्रॅमची डिस्क, फक्त एकीत थोडं ईडीटीए, म्हणजे धातू धरून ठेवणारं रसायन. ४ तासांनी डिस्क बाहेर काढायच्या आणि साध्या गरीब, औषधाला लगेच मरणाऱ्या ई. कोलाय जंतूच्या प्लेटवर रात्रभर ठेवायच्या. डिस्कमध्ये औषध शिल्लक असेल तर भोवती झोन पडतो, म्हणजे जंतू न वाढलेला मोकळा गोल, जंतूने त्याची वाट लावली असेल तर काहीच पडत नाही.

सकाळी प्लेट काढली. साध्या ट्यूबमधल्या डिस्कला अगदी चिकटून ई. कोलाय वाढलेला, म्हणजे डिस्कचे स्वतःचे ६ मिलिमीटर तेवढेच. ईडीटीएवाल्या डिस्कभोवती मात्र स्वच्छ गोल, स्केल लावली, १९ मिलिमीटर. दोन्हींत ५ मिलिमीटरचा फरक असला तरी टेस्ट पॉझिटिव्ह धरतात, इथे तर १३. म्हणजे मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज, धातूच्या, झिंकच्या जोरावर औषध फोडणारं एन्झाइम, ईडीटीएने झिंक काढून घेतलं की ते बंद पडतं. आणि आपल्याकडे मेटॅलो निघालं की बहुतेक वेळा ते एनडीएमच (न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज) असतं. (दुपारी जीनची टेस्ट आली, तेच होतं.)

मला ही प्लेट दरवेळी जरा जास्तच वेळ बघाविशी वाटते, कारण त्या गोलात एन्झाइमचं आख्खं स्ट्रक्चर दिसतं. एनडीएम-१ पहिल्यांदा सापडलं २००८ मध्ये, स्वीडनमधल्या भारतीय वंशाच्या एका पेशंटच्या नमुन्यात, आणि २०११ मध्ये एकापाठोपाठ बऱ्याच ग्रुप्सनी त्याचं क्रिस्टल स्ट्रक्चर काढलं. एका बाजूला उथळ, रुंद खाच आणि तिच्या तळाशी झिंकचे दोन आयन. त्यांना एन्झाइममधल्या अमिनो आम्लांनी धरलेलं: पहिल्याला तीन हिस्टिडिनांनी, दुसऱ्याला अ‍ॅस्पार्टेट, सिस्टीन आणि एक हिस्टिडिन. दोन्ही झिंकच्या मध्ये पाण्यापासून झालेला हायड्रॉक्साइड. मेरोपेनेमची चार कोनांची बीटा-लॅक्टम रिंग मुळातच ताणलेली, ती त्या खाचेत आली की हायड्रॉक्साइड तिच्या कार्बोनिल कार्बनवर जातो, कार्बन-नायट्रोजन बाँड तुटतो, नायट्रोजनवर आलेला निगेटिव्ह चार्ज दुसरं झिंक सांभाळतं, मग एक प्रोटॉन येतो आणि उघडलेलं, निकामी औषध निघून जातं. एन्झाइम लगेच पुढच्या रेणूला मोकळं.

जुन्या बीटा-लॅक्टमेजमध्ये हे काम सेरीन हे अमिनो आम्ल करतं आणि त्यात औषध काही क्षण सेरीनला बाँडने जोडलं जातं. अ‍ॅविबॅक्टम हे एन्झाइम अडवणारं औषध तिथेच जाऊन चिकटून बसतं. एनडीएममध्ये ते सेरीनच नाही, चिकटणार कशाला?

हे सगळं डोक्यात चालू असताना दारात आजींचा मुलगा. नातेवाईक सहसा लॅबपर्यंत येत नाहीत, पण हे रिपोर्टचा कागद घेऊनच आलेले. "मॅडम, सगळीकडे नुसतं आर आर लिहिलंय, म्हणजे आता औषधच नाही का?"

म्हटलं दादा, औषधाचं डॉक्टर सांगतील, जंतू काय करतोय तेवढं मी दाखवते. प्लेट बंदच ठेवून लांबून दाखवली. म्हटलं ह्या गोलात ईडीटीए आहे, ते झिंक ओढून घेतं...

"झिंक ईडीटीए? बारा टक्केवालं? बागेला मारतो की आम्ही, पान बारीक राहायला लागलं की."

मला पुढचं बोलायची गरजच पडली नाही, द्राक्षबागाईतदार माणूस, ईडीटीए झिंकला धरून ठेवतं हे त्यांना पुस्तकाशिवाय माहीत. दोन मिनिटं प्लेटकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मग आईला सलाईनमधूनच द्या ना हे ईडीटीए."

एम.एस्सी.च्या पोरांना मी हा प्रश्न मुद्दाम विचारते, इथे तो समोरून आला. सांगितलं की ईडीटीए कुणाचा धातू म्हणून बघत नाही, रक्तातलं कॅल्शियम ओढलं तर हृदयावर येईल, शिवाय आपल्या शरीरातली कितीतरी एन्झाइम्स झिंकवरच चालतात. आणि गंमत म्हणजे इन्फेक्शन झालं की शरीर आपणहूनच तिथलं झिंक लपवतं, पांढऱ्या पेशींमधलं कॅलप्रोटेक्टिन ते काम करतं. पण एनडीएमला शेपटासारखा लिपिडचा तुकडा आहे, त्याने ते जंतूच्या बाहेरच्या आवरणात रोवलेलं असतं आणि झिंकची टंचाई असली तरी टिकून राहतं.

"म्हणजे बंदोबस्त करूनच आलाय तो," दादा म्हणाले.

सुदैवाने आणखी एक प्लेट पण तयार होती. अ‍ॅझट्रिओनाम हे औषध एनडीएमला नीट फोडता येत नाही, पण अशा जंतूत सेरीनवाली एन्झाइम्सही सोबत असतात आणि ती अ‍ॅझट्रिओनामला फोडतात. त्यांना अ‍ॅविबॅक्टम अडवतं. म्हणून सेफ्टाझिडिम-अ‍ॅविबॅक्टम आणि अ‍ॅझट्रिओनाम अशा दोन डिस्क शेजारी ठेवलेल्या. बाहेरच्या बाजूंना दोन्हीकडे जंतू अगदी डिस्कपर्यंत आलेला, आणि दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात काहीच नाही. लगेच आयसीयूत फोन केला. अ‍ॅझट्रिओनाम आमच्या मेडिकलमध्ये नव्हतं, मुंबईहून मागवलं, रात्री पहिला डोस गेला.

आजी बऱ्या होऊन वॉर्डात आल्या. पण एनडीएमचा हा जीन प्लाझमिडवर, म्हणजे जंतूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावर असतो, एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जातो, त्यामुळे त्याच दुपारी शेजारच्या बेडवरच्या पेशंट्सचे रेक्टल स्वॅब मागवले होते. त्यातल्या एकात वाढला तो क्लेबसिएला नव्हता, ई. कोलाय होता, आणि त्यातही एनडीएम. त्या पेशंटला काहीच त्रास नव्हता, त्यामुळे औषध नाही, फक्त वेगळी खोली, आणि सिस्टरांना ग्लोव्ह्ज-गाऊनचा परत एकदा तगादा.