केसपेपरवरचा फोन नंबर

ऑरगॅनोफॉस्फरस (कीटकनाशकांतल्या) विषबाधेच्या रुग्णांचे मागच्या पाच वर्षांचे केसपेपर तपासायचे, असा मेडिसिनच्या एका निवासी महिला डॉक्टरचा थीसिसचा प्रस्ताव आमच्या एथिक्स कमिटीपुढे आला. मी कमिटीचा सदस्य-सचिव, त्यामुळे छाननी माझ्याकडे. दाखल होतानाच्या पॉप स्कोअरवरून, म्हणजे या विषबाधेची तीव्रता मोजणाऱ्या गुणांवरून, व्हेंटिलेटर लागेल का, हे आधी सांगता येतं का, असा प्रश्न होता. शेतीपट्ट्यातल्या कुठल्याही सरकारी रुग्णालयाला हे उत्तर हवंच आहे.

अर्ज मात्र कच्चा होता. रुग्णांची संमती घेण्यातून सूट मागितलेली आणि कारणाच्या रकान्यात नुसतं ‘रेट्रोस्पेक्टिव्ह (जुन्या नोंदींवरचा) अभ्यास’. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे सूट द्यायची की नाही हे कमिटी ठरवते. सूट दिल्याशिवाय अभ्यास व्यवहारात शक्य नाही आणि सूट शास्त्रीयदृष्ट्या रास्त आहे, हे अर्जदाराने पटवून द्यायचं असतं. नोंदींतून ओळख काढलेली असती तर एक्स्पीडायटेड रिव्ह्यूत, म्हणजे पूर्ण बैठकीशिवायच्या जलद छाननीत, भागलं असतं. इथे प्रोफॉर्मात (माहिती उतरवायच्या छापील नमुन्यात) नाव, गाव, मोबाइल, एमएलसी (पोलिसांना कळवायच्या प्रकरणाचा) नंबर सगळंच होतं, म्हणून विषय पूर्ण बैठकीत घेतला.

प्रोफॉर्मा ओळीने वाचला. प्रत्येक रकान्यापाशी एकच विचारणा: हा कोणत्या उद्दिष्टाला लागतो? ‘विष घेण्याचं कारण’ कशालाच लागत नव्हतं, तो गेला. मानसोपचार विभागाची टिपणंही वगळली. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७च्या कलम २३ने ती गोपनीय आहेत आणि पॉप स्कोअरशी त्यांचा संबंध नाही. नुसतं नाव खोडून ओळख पुसत नाही. लहान गावात ‘४२ वर्षांची स्त्री, ऑगस्टचा दुसरा आठवडा’ एवढ्यावर लोक घर दाखवतात. म्हणून गाव आणि तालुका काढले, तारखांऐवजी विष घेतल्यापासून दाखल होईपर्यंतचे तास आणि वॉर्डातले दिवस घ्यायला सांगितलं. ते गेल्यावर वय वर्षांत ठेवायला हरकत उरली नाही.

खरी अडचण पुढे होती. वाचलेल्या रुग्णांना वर्षभराने फोन करून तब्येत विचारायची, असंही प्रस्तावात होतं. आमच्या बिगर-वैद्यकीय सदस्य, निवृत्त शिक्षिका, यांनी विचारलं, “केसपेपरवरचा नंबर कोणाचा असतो?”

“बहुतेक वेळा ज्यांनी आणलं त्यांचा, मॅडम.”

म्हणजे फोन दीर उचलणार, नाहीतर शेजारी. सासरी बाकी कुणाला जे ठाऊक नाही ते दवाखान्याच्या एका फोनने उघडं पडणार. संमती मागणारं पत्र घरी गेलं तरी तेच. जुन्या नोंदींसाठी सूट देण्याचं भक्कम कारण हेच होतं: इथे विचारायला जाण्यानेच गुपित फुटतं. अर्जदाराकडून ते तिच्या शब्दांत लिहून घेतलं आणि नोंदींपुरती सूट दिली. फोनचा भाग वगळला.

अटी घातल्या त्या अशा. कमिटीचं पत्र आधी, मग अधीक्षकांचं, मगच रेकॉर्ड सेक्शन. थीसिस करणारी मुलं बरेचदा अधीक्षकांची सही मिळाली की माहिती उतरवायला बसतात, आणि मागाहून मंजुरी देता येत नाही. मूळ केसपेपर खोलीबाहेर न्यायचा नाही आणि मोबाइलवर फोटो काढायचा नाही. असे फोटो गाइडच्या व्हॉट्सअॅपवर जातात आणि तिथेच राहतात. आयपीडी (दाखल रुग्णाचा) नंबर आणि सांकेतिक क्रमांक जोडणारी यादी विभागप्रमुखांच्या कपाटात, माहितीच्या तक्त्यापासून वेगळी. ती यादी आहे तोवर तक्ता निनावी धरायचा नाही. पडताळणी संपली की नष्ट करून तसं कमिटीला कळवायचं.

थीसिसच्या शेवटी छापतात त्या मास्टर चार्टवर, म्हणजे सगळ्या रुग्णांच्या एकत्रित तक्त्यावर, मी अडून बसलो. आद्याक्षरं आणि आयपीडी नंबर त्यात सर्रास असतात, आणि प्रत ग्रंथालयात कुणालाही चाळता येते. तिथे फक्त १, २, ३ असे अनुक्रमांक जातील, असं लिहून घेतलं.

पुढची तब्येत कळायलाच हवी, हा तिचा आग्रह रास्त होता. त्यासाठी वेगळा प्रस्ताव आला: १८ वर्षांवरच्या नव्या रुग्णांनाच घ्यायचं, डिस्चार्जच्या वेळी नातेवाइकांना बाहेर थांबवून संमती विचारायची, नाही म्हटलं तरी उपचारांत फरक पडणार नाही हे स्पष्ट सांगायचं. चालणारा नंबर आणि सोयीची वेळ रुग्णाने स्वतः द्यायची. फोन दुसऱ्या कुणी उचलला, तर रुग्णालयाचं किंवा विभागाचं नाव न घेता ठेवून द्यायचा. निरोप ठेवायचा नाही.