स्टीलच्या टाकीला वेल्डपाशीच जंग का धरतो

दर्यापूर, अकोट, तेल्हारा हा विदर्भातला खारपाणपट्टा, म्हणजे इथलं जमिनीतलं पाणी खारं. इथे स्टीलची नवी टाकी बसवली की काही महिन्यांत वेल्डच्या कडेला तांबूस चट्टे येतात आणि ‘पत्रा डुप्लिकेट निघाला’ असा निकाल लागतो. बहुतेक वेळा पत्रा ठीकच असतो, वेल्डिंगनंतरची सफाई राहून गेलेली असते.

लोखंडात किमान 10.5 टक्के क्रोमियम असलं की त्याला स्टेनलेस म्हणतात. 304 या नंबरच्या स्टेनलेस प्रकारात ते 18 ते 20 टक्के असतं. हवा लागताच अशा धातूवर ऑक्साइडचा थर धरतो, जेमतेम 1 ते 3 नॅनोमीटर (मीटरचा अब्जावा भाग) जाड. हाच थर पत्र्याला गंजापासून वाचवतो. भट्टीत उष्णतेमुळे अणू सरकतात आणि थर वाढत राहतो. पण साध्या तापमानाला ती हालचाल जवळजवळ बंद असते, तरी थर धरतो कसा? याचा उलगडा कॅब्रेरा आणि मॉट या भौतिकशास्त्रज्ञांनी 1949 मध्ये केला. धातूतले इलेक्ट्रॉन कोवळ्या थरातून आरपार जाऊन वरच्या ऑक्सिजनला मिळतात. त्यामुळे बाहेर ऋण भार, आत धन भार. फरक साधारण एखाद्या व्होल्टचा, पण अंतर नॅनोमीटरभर. हिशोब केला तर सेंटिमीटरमागे कोटीच्या घरात व्होल्ट होतात. ही विजेची ओढ धातूचे आयन (भार असलेले अणू) खेचून थरात आणते. थर जाडावला की व्होल्ट तेवढेच राहतात, अंतर वाढतं, ओढ मंदावते आणि वाढ जवळपास थांबते. म्हणून मे महिन्यात पत्रा कितीही तापला तरी थर काही फारसा जाड होत नाही.

सुरुवातीला या थरात लोखंडाचा ऑक्साइडही असतो. पाणी लागलं की लोखंड जास्त विरघळतं, क्रोमियम मागे राहतं आणि थर क्रोमियमने भरत जातो. ओरखडा पडला तरी हवा-पाण्यातला ऑक्सिजन तिथे पोचला की तो पुन्हा धरतो. म्हणजे थर ‘चढवायचा’ नसतोच, आड येणारी घाण तेवढी काढायची असते.

घाण दोन प्रकारची. एक, लोखंडी कण. ज्या ग्राइंडरवर सकाळी गेटचे अँगल कापले तोच दुपारी स्टीलवर फिरला, किंवा साधा वायर ब्रश मारला, की कण रुततात आणि तेच आधी गंजतात. स्टीलसाठी चाक आणि स्टेनलेसचा ब्रश वेगळाच हवा. दुसरी, वेल्डशेजारचे रंग: फिकट पिवळा सुमारे 300 अंशांपासून, निळा 500 च्या पुढे. हा गरम थर जाड आणि सच्छिद्र असतो, शिवाय त्याच्याखालच्या धातूतलं क्रोमियम घटलेलं असतं. खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड नेमकं तिथेच खड्डा पाडतं. रंग दिसायला छान असला तरी तो ठेवू नये. नव्या फ्लॅप डिस्कने (ग्राइंडरला लावायची पॉलिश पेपरची चकती) चकचकीत धातू लागेपर्यंत घासून काढा.

मग साबणाने तेल-ग्रीस धुवा, नाहीतर ॲसिड धातूला लागतच नाही. 5 लिटर पाण्यात 400 ग्रॅम सायट्रिक ॲसिड घाला, किराण्यात मिळतं तेच. 21 ते 49 अंशांत किमान 20 मिनिटं, 50 ते 60 अंशांत 10 मिनिटं पृष्ठभाग ओला ठेवा. उन्हाळ्यात पाणी तापवायची गरज नाही, डिसेंबरात मात्र तापवावं लागतं. शेवटचं धुणं बोअरच्या पाण्याने नको, आरओचं किंवा पावसाचं घ्या आणि कोरडं पुसा. हे ॲसिड मोकळे लोखंडी कण विरघळवतं, निळा रंग काढत नाही. घासणं टाळून नुसतं ॲसिड मारणारे इथेच फसतात.

तपासायला संत्र्याच्या बागेतला मोरचूद (कॉपर सल्फेट) चालतो: 250 मिली डिस्टिल्ड पाण्यात 4 ग्रॅम, वर 1 मिली गंधकाम्ल (ॲसिड पाण्यात ओतायचं, उलट नाही). 6 मिनिटं ओलं ठेवल्यावर तांबं बसलं तर मोकळं लोखंड उरलंय. पिण्याच्या पाण्याच्या टाकीत हे लावू नका, त्याच पत्र्याच्या तुकड्यावर तसाच वेल्ड करून बघा.

बाथरूमचं ॲसिड टाकीला कधीही लावू नका, ते हायड्रोक्लोरिक असतं, म्हणजे क्लोराइडच. ब्लीचिंग पावडरही तळाशी साचू देऊ नका. आणि दुकानात चुंबक लावून पारख करणं सोडा: 430 ला चुंबक चिकटतं तरी तो स्टेनलेस आहे, 202 ला सहसा चिकटत नाही, पण खाऱ्या पाण्यात तो 304 च्या आधी हार मानतो. पाणी फारच खारं असेल तर 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनमचा 316 घ्या, महाग पडला तरी.