गुडघ्याचा कोन आणि मांडीची ताकद मोजताना

गुडघ्याचा सांधा बदलल्यावर पेशंटचा रोजचा प्रश्न एकच असतो: "आज किती वाकला?" आकडा सांगणं सोपं आहे. पण तो कसा घेतला हे शेजारी लिहिलं नसेल, तर पुढच्या आठवड्याच्या आकड्याशी त्याची तुलनाच करता येत नाही.

मी पेशंटला पाठीवर झोपवते. गोनिओमीटरचा (कोन मोजायच्या दोन पट्ट्यांच्या साधनाचा) मधला खिळा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, मांडीच्या हाडाचा उंचवटा लागतो तिथे. स्थिर पट्टी खुब्याच्या बाहेरच्या हाडाकडे, हलती पट्टी बाहेरच्या घोट्याकडे. तिन्ही हाडं बोटांनी चाचपूनच शोधायची. सुजलेल्या पायात नजर फसते, आणि सैल कपड्यावरून अंदाजाने पट्टी धरली की कोन चुकलाच म्हणून समजा. पालथं झोपवून मोजलं तर कोन कमी येऊ शकतो, कारण मांडीच्या पुढचा एक स्नायू खुबा आणि गुडघा दोन्ही ओलांडून जातो आणि तिथे आधीच ताणलेला असतो. गुडघा किती सरळ होतो ते पाहताना टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवते, नाहीतर गुडघ्याला खाली जायला जागाच मिळत नाही.

आधी पेशंटने स्वतः हलवायचं, मग मी हाताने. या दोन आकड्यांतला फरक मला सगळ्यात मोलाचा वाटतो. हाताने गुडघा 0 पर्यंत ताठ होतो, पण स्वतः उचलताना 10 अंश वाकलेलाच राहतो, तर सांधा आखडलेला नाही, मांडीचा पुढचा स्नायू कमी पडतोय. सांध्यातली सूजही त्या स्नायूला दाबून ठेवते. तिथे गुडघा दाबत बसलं तर पेशंटला नुसत्या वेदना होतात.

ताकदीसाठी पलंगाच्या कडेला बसवून पाय ताठ करायला सांगते. पायाच्या स्वतःच्या वजनाविरुद्ध पूर्ण गेला तर 5 पैकी 3. कुशीवर झोपवल्यावरच जमलं तर 2, बोटाखाली नुसती थरथर लागली तर 1. मध्यम दाब सोसला तर 4, पूर्ण सोसला तर 5. ऑपरेशननंतर हा दाब सर्जननी परवानगी दिल्यावरच. दाब देताना गुडघा किंचित वाकलेला हवा. पूर्ण ताठ सांधा अडकून बसतो आणि कमजोर स्नायूही भक्कम भासतो. पेशंट मागे रेलला तर ती मोजणी सोडून द्यायची.

4 हा आकडा फारच ऐसपैस आहे, म्हणून मी डायनॅमोमीटर, म्हणजे पायाचा जोर आकड्यात दाखवणारं यंत्र, वापरते. त्यात गुडघ्यापासूनचं अंतर टेपने मोजावंच लागतं: 30 सेंटीमीटरवर 10 किलो दाखवणारा पाय 20 सेंटीमीटरवर 15 किलो दाखवेल. 5-5 सेकंदांचे तीन प्रयत्न, मध्ये विश्रांती, आणि चांगला पाय आधी.

गोनिओमीटरमध्ये 5 अंशांपर्यंतचा फरक हाताचाही असू शकतो, म्हणून 90 चे 93 झाले तर मी प्रगती लिहीत नाही. माझी नोंद अशी असते: उजवा गुडघा, पाठीवर, स्वतः 10 ते 95, हाताने 0 ते 105, सकाळी, व्यायामाआधी.