मंग तुले भेटस काय?

रविवार, २४ ऑगस्ट २०२५. रात्रीचे साडेअकरा.

झोप येत नाही म्हणून लिहायला बसलो. गोष्ट एवढीशी आहे. सकाळी आप्पा ओट्यावर चहा घेत होते. चष्मा कपाळावर, फोन हातभर लांब धरलेला. मला हाक मारली. "हाऊ कसाना मेसेज शे रे?"

खात्यातून ४९९ रुपये वजा. त्या खात्याला अजून आप्पांचाच नंबर आहे. बदलून घेऊ, बदलून घेऊ म्हणत दोन वर्षं गेली.

मी म्हणालो, गेमचे आहेत, ऑनलाइन खेळायची महिन्याची वर्गणी.

आप्पा काही बोलले नाहीत, पण बशी खाली ठेवली. आठवडाभर टीव्हीवर तेच चाललंय ना. बुधवारी लोकसभेत पास, गुरुवारी राज्यसभेत, शुक्रवारी राष्ट्रपतींची सही. ऑनलाइन गेमवर बंदी, तुरुंग, दंड, खाली लाल पट्टी. मग एकदम हळू आवाजात, कारण आई आत पोळ्या करत होती, "जुगार ते नही ना?"

मला राग आला नाही. गल्लीच्या टोकाच्या त्या घरात रमीपायी काय झालं ते आप्पांनी पाहिलंय. त्या पोराला त्यांनी खांद्यावर खेळवलंय. त्यावर मी इथे लिहिणार नाही.

मी खाली बसून नीट सांगितलं. पैसे लावायचे आणि पैसे जिंकायचे, ते बंद झालं. वर्गणी भरून नुसतं खेळायचं असेल तर चालतं, नव्या कायद्यातच तसं लिहिलंय, फक्त ती वर्गणी म्हणजे पैज नसली पाहिजे. आमच्यात हरलो तरी ४९९ आणि जिंकलो तरी ४९९. एक रुपया वर येत नाही, एक रुपया जास्त जात नाही.

आप्पांना पटलं. चेहरा मोकळा झाला, बशी परत उचलली, राहिलेला चहा प्यायले. आणि मग विचारलं, "मंग तुले भेटस काय?"

टोमणा नव्हता तो. बियाण्याच्या दुकानात पिशवी उलटीपालटी करून विचारतात ना, उगवण किती, तसं सरळ विचारलं होतं. मला उत्तर आलं नाही. "टाइमपास" म्हणालो आणि उठलो. तेव्हापासून दिवसभर तो शब्द तोंडात कडू लागतोय. टाइमपास नाहीये तो. मग काय आहे?

गाडीवर, दुकानात, दुपारी जेवताना, सारखं तेच. मनातल्या मनात आप्पांना उत्तरं देत होतो आणि एकेक उत्तर गळून पडत होतं.

पहिलं उत्तर सर्व्हरचं. एवढी माणसं एकाच वेळी खेळतात, त्याला मशिनं लागतात, वीज लागते, त्याचे पैसे. बरीच वर्षं मी हेच धरून चाललो होतो. पण प्लेस्टेशन ३ वर, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या डब्यावर, ऑनलाइन खेळायला काही लागत नव्हतं. २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आला आणि वर्गणी लागू झाली. एक्सबॉक्स या दुसऱ्या कंपनीच्या डब्यावर ती २००२ पासूनच होती. कॉम्प्युटरवर तोच गेम घेतला तर आजही कोणी दारात अडवत नाही. आणि पुष्कळ गेमचे सर्व्हर तर गेम बनवणारेच चालवतात, डबा विकणारे नाहीत. एक्सबॉक्सवाल्यांनी २२ जानेवारी २०२१ ला दरवाढ जाहीर केली, लोक खवळले, तर त्याच दिवशी मागे घेतली. खर्चावर बांधलेला दर असा एका दिवसात पुढेमागे होत नाही. तो माणसाची ऐपत चाचपून ठरवलेला असतो.

सगळीकडेच असं आहे असं मी म्हणणार नाही. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा गेम २००४ पासून चालू आहे, महिन्याला पंधरा डॉलर. तिथे एक सबंध जगच त्यांनी उभं केलंय, रात्रंदिवस चालतं, त्यात भर पडत राहते. २०१० मध्ये सव्वा कोटीच्या जवळपास लोक ती वर्गणी भरत होते. तिथे पैसे त्या जगाला जातात, हे समजतं. आमचं तसं नाही. आमचा हा टोल नाका आहे. नेटचे पैसे एकाला दिले, गेमचे दुसऱ्याला दिले, आणि दोन्ही हातात असताना आत सोडायचे पैसे तिसऱ्याला.

दुसरं उत्तर, दर महिन्याला दोन-चार गेम सोबत मिळतात. मिळतात खरे. पण वर्गणी थांबली की त्यांना कुलूप लागतं. आणि मी ते उघडतो कुठे? यादीत नुसते पडलेत, लग्नात आलेल्या स्टीलच्या डब्यांसारखे.

म्हणजे आप्पांना सांगण्यासारखं काही उरत नव्हतं. दुपारी फार वाईट वाटलं. बारा महिन्यांचे ५,९८८ रुपये, चार वर्षांचे किती, ते कागदावर मांडलं आणि कागद खिशात ठेवला. वर्षाचे एकदम भरले तर बरेच स्वस्त पडतात हेही मला माहीत आहे. तरी मी महिन्याचेच भरतो, कारण दर महिन्याला मला वाटतं की हा शेवटचा. चार वर्षं हा शेवटचा महिना चाललाय. दुकानात काही मनासारखं नाही, घरात सगळ्यांना माझ्याकडून काहीतरी हवंय, आणि माझं म्हणावं असं हे एकच, त्याचाही हिशोब देता येत नाही. असं सगळं डोक्यात.

मग संध्याकाळी एक जुनी रात्र आठवली. ती आठवली आणि उत्तर सापडल्यासारखं झालं. पण त्याच्या पाठोपाठ दुसरं जे आठवलं, त्याने आत्ता जागा ठेवलंय.

गेल्या वर्षी मृगाच्या आधी एक महिना मी पैसे भरले नव्हते. खरंच नव्हते तेव्हा. शुक्रवारी साडेनऊला सवयीने डबा लावला आणि पार्टीत, म्हणजे मित्रांशी माइकवर बोलायच्या ग्रुपमध्ये, गेलो. बोलायला वर्गणी लागत नाही, ते फुकट असतं. भूऱ्या होता, सोन्या होता. भूऱ्याच्या माइकमधून नेहमीसारखा भुसावळच्या यार्डातला आवाज, डबे जोडताना होतो तो, आणि मधूनच लांबलचक शिटी. सोन्याच्या मागे सुरतचे लूम खडखडत होते. ते दोघं मॅच खेळत होते. २०२३ मध्ये त्या फुटबॉलच्या गेमचं नाव बदललं, आम्ही अजून फिफाच म्हणतो. मी नुसता ऐकत होतो. पाच मिनिटं बरं वाटलं. मग ते "पास दे, पास दे, डावीकडे" यात रमले आणि मला मध्ये बोलायला जागाच सापडेना. सोन्याने विचारलं, "तू नुसता बसलायस का?" मी "हो" म्हणालो. तो "बरं" म्हणाला. पुढे काय बोलायचं ते दोघांनाही सुचलं नाही. थोड्या वेळाने मी सांगितलं की लाइट गेली, आणि बंद केलं. लाइट गेली नव्हती. पंखा डोक्यावर फिरत होता.

दुसऱ्या दिवशी उसने घेऊन ४९९ भरले.

बोलणं फुकट होतं, तरी मला बोलता आलं नाही. मला वाटतं सगळं इथेच आहे. आई आणि काकू कुरडया घालताना जे बोलतात ते एरवी समोरासमोर बसवलं तर बोलणार नाहीत. पारावरचे म्हातारे पत्ते पिसता पिसता जावयाचं दुखणं सांगतात. हात रिकामे असले की माणूस गप्प होतो, निदान आम्ही तरी होतो. सोन्याचं लग्न मोडायला आलं होतं ते त्याने मला कॉर्नर घेताना सांगितलं. फोनवर कधी सांगितलं नसतं. मी दर महिन्याला जे भरतो ते हातांना काम देण्यासाठी भरतो. आप्पांना हे सांगता आलं असतं. त्यांना हे लगेच कळलं असतं, ते स्वतः भिशीला पैशासाठी कमी आणि बसायला जास्त जातात.

इथे माझं समाधान व्हायला हवं होतं. पण मग बबल्या आठवला.

मोबाइलवर आम्ही चौघं होतो. लॉकडाऊनमध्ये रोज. २ सप्टेंबर २०२० ला पब्जी बंद झालं, तेव्हा पांगलो, आणि मग एकेकाने जुने डबे घेतले. बबल्याने सगळ्यात शेवटी घेतला, २०२२ मध्ये, कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला त्या वर्षी. पुढच्या हंगामात भाव पडले. सगळ्या खान्देशात लोकांनी कापूस घरात भरून ठेवला, आज वाढेल, उद्या वाढेल. बबल्याच्या पुढच्या खोलीत पत्र्यापर्यंत ढीग. तो त्या ढिगावरच बसून खेळायचा. अंगाला खाज सुटायची, माइकमधून खाजवल्याचा आवाज यायचा, आम्ही हसायचो. तोही हसायचा. म्हणायचा, "राजाची गादी शे भो."

एका शुक्रवारी तो आला नाही. पुढच्याही नाही. विचारलं तर म्हणाला, कंटाळा आला यार, तेच तेच. आम्ही मान्य केलं. तिसऱ्या शुक्रवारी त्याच्या जागी कोणीतरी अनोळखी घेतला.

दुपारचा तो हिशोबाचा कागद परत काढून मागच्या बाजूला लिहिलं. सात हजारांचा भाव धरला तर ४९९ म्हणजे महिन्याला सात किलो कापूस. भाव मिळत नाही म्हणून जो घरात ठेवलाय, त्यातला सात किलो. कंटाळा नव्हता आलेला त्याला. मला हे तेव्हाही कळलं होतं का? कळलं होतं. पूर्ण नाही, पण होतं. खाजवल्याचा आवाज मी ऐकला होता.

आणि हेच मला सोडत नाहीये. गाड्यांनी फुटबॉल खेळायचा तो रॉकेट लीग सप्टेंबर २०२० पासून फुकट आहे. असल्या फुकट गेमना आमच्या डब्यावर वर्गणी लागत नाही. हे मला तेव्हा माहीत होतं. शुक्रवारी तो लावला असता तर चौघंही बसलो असतो. मी सुचवलं नाही, कारण आमची टीम वरच्या डिव्हिजनला जाण्याच्या बेतात होती आणि मला ती घालवायची नव्हती. डिव्हिजन! आज विचारलं तर कितवी होती ते आठवत नाही.

फुकटचे गेमही काही धर्मादाय नसतात. भाचा महिन्याला स्किनसाठी, म्हणजे गेममधल्या नुसत्या सजावटीसाठी, ताईकडून किती काढतो ते मी बघतो. पण स्किन नको असेल तर नाही घेतली, दार बंद होत नाही. वर्गणीत दार बंद होतं, आणि बाहेर राहिलेला माणूस कंटाळा आला म्हणतो.

आप्पांनी विचारलं मला काय मिळतं. ते मिळतंय मला, खरंच मिळतंय, आणि मी पुढेही भरणार आहे. सोन्या रात्रपाळीतून दमून येतो, तो फिफा सोडून दुसरं काही शिकणार नाही. त्याच्यासाठी हे पैसे मला जड नाहीत. हे मी आता मान्य केलंय, त्याचा त्रास नाही. त्रास दुसराच आहे. बबल्यासाठी मी तेव्हा भरू शकलो असतो का? तो घेणार नव्हता. मी विचारलंही नाही.

नऊ वाजता शेवटी बबल्याला मेसेज टाकला. भो, डबा आहे का विकलास. बराच वेळ काही नाही. आप्पा जेवून झोपायला गेले, जाताना खोलीत डोकावून नुसतं बघून गेले. दहाला उत्तर आलं. टीव्हीखाली आहे, पोरगी त्याच्यावर बाहुली झोपवते.

मी लिहिलं, रॉकेट लीग टाकून ठेव, शुक्रवारी साडेनऊ, पैसे लागत नाहीत. "पैसे लागत नाहीत" हे लिहिलं, पुसलं, परत लिहिलं, परत पुसलं. शेवटी ते न लिहिताच पाठवलं. त्याला माहीत असेल किंवा कळेल.

त्याचं उत्तर: हेडफोन नाही. उंदरांनी वायर खाल्ली.

कपाटातून माझा जुना काढलाय. एका कानाचा फोम भुगा होऊन पडला होता, त्याला आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळून दोऱ्याने शिवली. लावून पाहिला, आवाज थोडा दबका येतो पण येतो. माइक चालू आहे. उद्या सकाळी पाचोऱ्याच्या गाडीत ड्रायव्हरकडे देतो.