तुम्ही विचारलंत म्हणून: भंय दिसना?

"तुका भंय दिसना रे?" म्हणजे तुला भीती वाटत नाही का रे, असं इथे गोव्यात बाणस्तारीच्या बाजारात, लग्नात, देवळाच्या पायरीवर कुणी ना कुणी विचारतंच. मरणाचं नाव घेत नाहीत, पण विचारायचं तेच असतं.

वाटते ना भीती. पहिल्या वर्षी तर इतकी की रात्री बायकोला दिवा मालवू द्यायचो नाही. दोन्ही किडन्या गेल्यात, मंगळवार-गुरुवार-शनिवार डायलिसिस, दर वेळी चार तास. धडधाकट माणसाची किडनी आठवड्याचे 168 तास राबते आणि माझं मशीन 12, हा हिशोब खुर्चीत पडून इतक्यांदा केला की शेवटी त्यातली धास्तीच झिजली.

डाव्या हाताला फिस्टुला आहे, म्हणजे ऑपरेशन करून धमनी आणि शीर जोडलेली. त्यावर बोट ठेवलं की आत सारखी घूं घूं लागते, बाटलीत मधमाशी कोंडल्यासारखी. ती थांबली तर रक्ताची गुठळी झाली समजायचं आणि लगेच हॉस्पिटल गाठायचं, म्हणून रोज झोपताना हात कानाशी धरतो. आधी छाती धडधडायची. आता ते ऐकता ऐकताच झोप लागते, कधीपासून ते नाही सांगता येत.

पण मनाला खरी शांती मिळाली ती गेल्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला. आमच्या घरची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची सजावट, इतकी वर्षं मीच बांधायचो. यंदा स्टुलावर चढायला पायात बळ नव्हतं, आदल्या दिवशीच डायलिसिस झालेलं. पुतण्या चढला, मी खालून सांगतोय, नारळांचा घड कडेला घे रे, केवणीच्या (रानातल्या मुरुडशेंगेच्या) दोराला दोन वेढे दे, सुपारीचं शिपटं (घोस) समोरून दिसू दे. त्याने तोरिंग, ते लिंबाच्या जातीचं मोठं फळ, भलतीकडेच बांधलं. सांगायला तोंड उघडलं आणि गप्प राहिलो, कारण तिथे ते छान दिसत होतं. मी नसेन तेव्हाही माटोळी बांधली जाणार, आणि जराशी वेगळी बांधली जाणार. हे मनात आलं की तुटेल काहीतरी असं वाटायचं, पण त्या दिवशी डोळे भरून आले ते आनंदाने.

आता त्याला केवण रानात पिळदार शेंगांवरून कशी ओळखायची ते दाखवायचंय. पाऊस उघडला आणि डायलिसिसचा दिवस नसला की जाऊ दोघं.