केशराचं ‘खास वाण’ घेण्याआधी कंद तोलून बघा

‘इराणी वाण’, ‘स्पॅनिश वाण’, ‘काश्मिरी जम्बो’ अशी नावं लावून केशराचे कंद विकले जातात आणि भावात बराच फरक असतो. त्यातल्या ‘वाण’ या शब्दाला फारसा अर्थ नाही. केशराला बी धरतच नाही. त्याची गुणसूत्रं २४, म्हणजे आठ-आठचे तीन संच. बीजपेशी बनताना तीन संचांची दोन भागांत सरळ वाटणी होत नाही, म्हणून झाड वांझ. (बियांची पुडी दाखवून कुणी ‘अमेरिकन केशर’ विकत असेल, तर ती आपली करडई.) ग्रीसमधल्या अ‍ॅटिका भागातला जंगली क्रोकस (केशराच्याच जातकुळीतलं फूलझाड) हा केशराचा पूर्वज, असं २०१९मधल्या जनुकीय अभ्यासांतून पुढे आलं. तिथून पुढे सगळा प्रवास कंदाच्या पिल्लांचा, म्हणजे जुन्या कंदावर येणाऱ्या नव्या छोट्या कंदांचा. काश्मीरमधलं पांपोर असो, इराणमधलं खोरासान असो की स्पेनमधलं ला मांचा, झाड जवळपास एकच.

मग शेतात पानं कमी-जास्त, फुलं लहान-मोठी, रंग फिका-गडद का दिसतो? थोडा वाटा बारीकसारीक उत्परिवर्तनांचा, म्हणजे जनुकांत आपसूक होणाऱ्या बदलांचा, आणि जनुकं तीच राहून त्यांची चालू-बंद होण्याची पद्धत बदलते त्याचा. पण सगळ्यात मोठा वाटा कंदाच्या वजनाचा. आठ ग्रॅमच्या आतला कंद बहुतेक वेळा नुसती पानं देतो. पंधराच्या पुढचा दोन-तीन फुलं सहज काढतो. एखाद्या फुलात तिनाऐवजी चार-पाच तंतू दिसले तरी हुरळून जाऊ नये. पिल्लांत ते बहुधा टिकत नाहीत.

दोन ठिकाणच्या बेण्यांची तुलना करायची तर दोन्हींतले १० ते १२ ग्रॅमचेच कंद निवडा, पन्नास-पन्नास. एकाच वाफ्यात आड-एक ओळीत, १५ सेंमी खोल लावा. पहिल्या हंगामातली फुलं हिशेबात धरू नका. फुलाची कळी उन्हाळ्यात, कंद सुप्त असताना, २३ ते २७ अंशांत आतच तयार होते. म्हणजे ती फुलं आधीच्या शेताची आणि गोदामाची. पारा तिशीच्या वर राहिला असेल, तर उत्तम कंदही नुसती पानं दाखवतो. जुना कंद दरवर्षी आटून जातो आणि त्याच्या डोक्यावर नवी पिल्लं बसतात, म्हणून खरा निकाल दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. मोजायचं काय? दर कंदामागे फुलं, तंतूंची लांबी आणि शंभर फुलांच्या वाळलेल्या तंतूंचं वजन. साधारण दीडशे फुलांना एक ग्रॅम पडतं. वाळवण्याची रीत दोन्हींना एकच ठेवा, कारण रंग तिथेही बदलतो.

बंद खोलीत ट्रेवर केशर घेणाऱ्यांची गफलत वेगळीच. मातीशिवाय आलेली फुलं कंदाच्या साठ्यावर येतात. ती तोडल्यावर कंद लगेच मातीत, उजेडात गेले नाहीत तर पानांना पिल्लं पोसता येत नाहीत. पुढच्या वर्षी हाती चार-पाच ग्रॅमची पिल्लं, फूल नाही, आणि मग ओरड होते की वाण बिघडलं.