स्मार्ट मीटर बसवताना जुन्या मीटरचं शेवटचं रिडींग सांभाळा: माझा अनुभव

स्मार्ट मीटर बसवला म्हटलं की प्रत्येक जण एकच विचारतो, "पळतो का गं?" माझा पळत नाही. मला जो मनस्ताप झाला तो नव्या मीटरमुळे नाही, काढून नेलेल्या जुन्या मीटरच्या शेवटच्या आकड्यामुळे झाला. तो आकडा कुणीतरी चुकीचा भरला आणि दुरुस्त करून घेता घेता दिवाळीनंतर सुरू झालेलं प्रकरण होळीपर्यंत गेलं. अजून वीज कंपनीच्या त्या कार्यालयावरून रिक्षा गेली तरी माझं डोकं तापतं. दुसऱ्या कुणावर ही वेळ येऊ नये म्हणून सगळं लिहून काढते आहे.

आमच्याकडे या मीटरबद्दल आधीपासूनच धास्ती होती. जून २०२४ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य घरगुती ग्राहकांकडे स्मार्ट प्रीपेड मीटर बसवणार नाही असं जाहीर केलं, तेव्हा गल्लीत सगळ्यांना हायसं वाटलं होतं. पुढे टीओडी (टाइम ऑफ डे, म्हणजे वापराच्या वेळेनुसार दर लावणारा) मीटर या नावाने तीच माणसं दारात आली. मीटर स्मार्टच, फक्त बिल पूर्वीसारखं महिन्याअखेरीला. ही गोष्ट आधी घरोघरी नीट सांगितली असती तर लोक एवढे बिथरले नसते. सासूबाईंना वाटत होतं की रात्री पैसे संपले की घरात अंधार होणार. त्यांना मी दहादा सांगितलं, आपलं पोस्टपेड आहे, असं कुणालाही एका रात्रीत वीज तोडता येत नाही, कायद्याने पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. तरी त्यांनी देवघरात मेणबत्त्यांचा पुडा आणून ठेवलाच.

बसवायला वीज कंपनीने नेमलेल्या एजन्सीची दोन मुलं आली. ओळखपत्र मागितलं, त्यांनी दाखवलं. मीटर बसवण्याचे पैसे लागत नाहीत, कुणी मागितले तर देऊ नका. चहाचं आधण उकळेपर्यंत त्यांचं काम निम्मं झालं होतं. मी मात्र तिथून हलले नाही. त्यातल्या एकाने जुन्या मीटरची काच हातरुमालाने पुसली आणि खालचं बटण दाबलं. आकडे एकामागून एक सरकायला लागले: आधी तारीख, मग वेळ, मग युनिट. युनिटच्या आकड्यावर तो थांबला, त्याने फोटो काढला. त्याच्या खांद्यावरून मीही काढला. १४३८२.

"ताई, आमच्या ॲपवर जातोच फोटो," तो म्हणाला. म्हटलं, जाऊ दे, माझ्याकडेही राहू दे. मग त्याने सहीसाठी मोबाइल पुढे केला. मी मीटर बदलल्याच्या अहवालाची प्रत मागितली. "कागद नसतो आता, सगळं ऑनलाइन." मग मी मुलाच्या वहीतलं पान फाडलं आणि त्यावर जुन्या मीटरचा क्रमांक, नव्याचा क्रमांक, जुन्याचं शेवटचं रिडींग, नव्याचं सुरुवातीचं रिडींग, तारीख, त्याचं नाव आणि सही असं सगळं लिहून घेतलं. मुलगा चांगला होता, कुरकुर न करता त्याने लिहिलं. त्या पानाने मला पुढे तारलं, आणि ते मागण्याचं सुचलं याचा मला अभिमान आहे.

पुढचं बिल आलं. आमचा वापर महिन्याला शंभर-सव्वाशे युनिटचा. बिलात दोन ओळी होत्या, एक जुन्या मीटरची, एक नव्याची. जुन्याच्या ओळीत चालू रिडींग: १४८३२. तीन आणि आठची अदलाबदल, ४५० युनिट जास्तीचे. आता कुणी म्हणेल, ४५० युनिटचे पैसे जास्त लागले, एवढंच ना? तसं होत नाही. आपल्याकडे घरगुती दर टप्प्यांचे आहेत: १०० युनिटपर्यंत एक, ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा आणि त्यापुढे सगळ्यात महाग. आम्ही जेमतेम दुसऱ्या टप्प्याच्या उंबरठ्यावर असणारी माणसं एकदम चौथ्या टप्प्यात जाऊन पडलो. वर १६ टक्के वीज शुल्क त्या फुगलेल्या रकमेवर.

आणि मुख्य मुद्दा, जो मला काउंटरवर पुनःपुन्हा सांगावा लागला. एरवी रिडींग चुकलं तर पुढच्या महिन्यात ते बरंचसं जुळून येतं, कारण मीटर भिंतीवर असतो आणि खरा आकडा दाखवत असतो. काढून नेलेल्या मीटरला पुढचा महिनाच नसतो. तिथे जो आकडा भरला गेला तो कायमचा. म्हणून "पुढच्या बिलात होईल मॅडम ॲडजस्ट" हे जे पहिल्या दिवशी मला सांगण्यात आलं, ते साफ चूक होतं, आणि सांगणाऱ्याला ते माहीत असायला हवं होतं.

बिलिंगच्या टेबलावरच्या बाईंनी माझा फोटो पाहिला, स्क्रीनवर पाहिलं आणि म्हणाल्या, "सिस्टीमला १४८३२ च आहे." मी म्हटलं, तेच चुकलंय म्हणून आले आहे. "रिडींग एजन्सीने भरलंय, एजन्सीला विचारा." एजन्सीच्या नंबरवर फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणाली, "तुमचा मीटर व्यवस्थित बसलेला आहे, बिलाचं वीज कंपनीला विचारा." मी तरी तक्रार नोंदवायला लावली. संध्याकाळी मोबाइलवर संदेश: आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे. कुणी फोन केला नाही, कुणी आलं नाही, आकडा तोच. तो संदेश वाचून मला जेवण गेलं नाही.

परत कार्यालयात. या वेळी टेबलावर दुसरे गृहस्थ. त्यांचं म्हणणं, जुना मीटर स्टोअरला गेलाय, तिथून टेस्टिंगला जाईल, रिपोर्ट आला की बघू. केव्हा येईल? "सांगता येत नाही, हजारो मीटर आलेत." मीटर सापडला नाही तर? त्यावर त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि साहेबांना भेटा म्हणाले. साहेब साइटवर. दुसऱ्या खेपेला साहेब मीटिंगला. तिसऱ्या वेळी साहेब होते, पण लिंक नव्हती. या सगळ्यात कुणी उद्धटपणे बोललं नाही, हे मी मुद्दाम सांगते. पण गोड बोलून परत पाठवलेल्या माणसाचाही दिवस वायाच जातो. मी शाळेत शिकवते. दर वेळी अर्धी रजा टाकून, तास दुसऱ्यांच्या गळ्यात घालून जात होते.

तेवढ्यात दुसरं बिल आलं: आधीची थकबाकी, त्यावर व्याज. वसुलीचा माणूस गेटवर येऊन म्हणाला, "भरून टाका ताई, नाहीतर लाइन कट होईल, मग दुरुस्तीचं बघा." सासूबाईंनी हे ऐकलं आणि आपल्या पेन्शनमधून पैसे काढून माझ्या हातात ठेवले. तेव्हा मात्र मी ठरवलं, आता तोंडी काही बोलायचं नाही.

विद्युत कायदा २००३, कलम ५६. हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं. बिलाबद्दल वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीप्रमाणे होणारं बिल, यातलं जे कमी असेल ते निषेध नोंदवून भरायचं. तेवढं भरलं की वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. मी मागच्या सहा बिलांच्या झेरॉक्स जोडल्या, सरासरी काढून दाखवली आणि अर्जात स्पष्ट लिहिलं की ही रक्कम निषेध नोंदवून भरत आहे, उरलेली मला मान्य नाही. सोबत फोटोची रंगीत प्रत, वहीच्या पानाची प्रत आणि एक मागणी: एजन्सीने माझा जुना मीटर काढताना अपलोड केलेला फोटो उघडून पाहावा आणि मला दाखवावा. ही मागणी महत्त्वाची. तोपर्यंत सगळे माझ्याकडचा फोटो बघत होते आणि मान हलवत होते. त्यांचा स्वतःचा फोटो कुणीच उघडला नव्हता.

अर्ज द्यायला गेले तर आवक-जावकच्या टेबलावर, "ठेवा इथे, बघतो." मी म्हटलं, दादा, आवक नंबर आणि शिक्का माझ्या प्रतीवर हवा. "शिक्क्याची काय गरज आहे?" मी उभी राहिले. मागे रांग वाढली, एक आजोबा म्हणाले, "अहो द्या की त्यांना शिक्का." मिळाला. शिक्का, नंबर, तारीख, सही. कुणीही काहीही म्हणो, त्याशिवाय तिथून हलू नका. तोंडी तक्रारीला दुसऱ्या दिवशी कुणी वाली नसतो.

पुढच्या आठवड्यात आवक नंबर घेऊन थेट उपकार्यकारी अभियंत्यांच्या केबिनमध्ये गेले. यांनी नंबर विचारला, कुणाला तरी बोलावलं, एजन्सीच्या पोर्टलवर माझा ग्राहक क्रमांक टाकायला लावला. फोटो उघडला. पुसलेली काच, कडेला त्या मुलाच्या हातरुमालाचं टोक, आणि मधोमध १४३८२, अगदी लहान मुलालाही वाचता येईल इतकं स्वच्छ. केबिनमध्ये कुणी काही बोललं नाही. मग ते समोरच्याला म्हणाले, "आजच दुरुस्ती टाका." एवढंच. ज्या कामाला मी हिवाळाभर फिरले ते दोन मिनिटांत झालं, कारण कुणीतरी फोटो उघडला. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि बाहेर जिन्यात आल्यावर डोळ्यांत पाणीही आलं. दुरुस्त बिल हातात यायला त्यानंतरही एक बिलाचा फेरा गेला.

तिथे नसतं झालं तर पुढे कुठे जायचं तेही मी तयार ठेवलं होतं. वीज कंपनीकडे दाद लागली नाही की ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि मंचाचा निर्णय पटला नाही तर विद्युत लोकपाल. महाराष्ट्रात लोकपालांची कार्यालयं मुंबईला आणि नागपूरला आहेत. मंचाचा अर्ज भरून पर्समध्येच होता आणि केबिनमध्ये मी तो टेबलावर ठेवला होता. त्याचा उपयोग झाला असं मला वाटतं.

आता मीटर पळण्याबद्दल, कारण समोरच्या काकूंचं प्रकरण याच सुमारास झालं. त्यांचं बिल खरोखर वाढलं होतं. त्यांच्या जुन्या घराचे दोन भाग केलेत, दोन बिऱ्हाडं, दोन मीटर. आमच्या ओळखीच्या वायरमनने मेन स्विच बंद करून तपासलं तर न्यूट्रलची, म्हणजे वीज परत जाण्याची, वायर दोन्ही घरांत एकच निघाली. नवे मीटर फेज (वीज येणारी वायर) आणि न्यूट्रल दोन्हीतला करंट बघतात आणि जो जास्त असेल त्यावर युनिट मोजतात, त्यामुळे शेजारच्या घराचा वापर काकूंच्या खात्यात पडत होता. न्यूट्रल वेगळे केल्यावर बिल जागेवर आलं. जुन्या वाड्यांत, चाळींत हे आधी तपासून घ्या. घरातलं सगळं बंद करून मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतो का ते तर कुणीही पाहू शकतं; लुकलुकत असेल तर कुठेतरी गडबड आहे.

वायरिंग नीट असूनही शंका उरली तर लेखी तक्रार करा. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत बदल झाला आहे: मीटरचं रिडींग वापराशी जुळत नाही अशी तक्रार आली तर वीज कंपनीने पाच दिवसांत शेजारी दुसरा मीटर लावायचा आणि किमान तीन महिने दोन्हींचा ताळा घ्यायचा. हे काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही. काकूंच्या अर्जात मी ते लिहून ठेवलं होतं, वापरायची वेळ आली नाही. मंजूर भाराबद्दलही, म्हणजे आपल्या जोडणीवर एका वेळी जेवढी वीज वापरायची मंजुरी असते त्याबद्दलही, असंच. नव्या मीटरवर कमाल मागणी (एका वेळी ओढलेली सगळ्यात जास्त वीज) त्याहून जास्त दिसली म्हणून तो बसवण्याआधीच्या काळाचा दंड लावता येत नाही, हे २०२३ च्या दुरुस्तीत आहे.

भाड्याने राहत असाल तर फोटो काढून त्याच दिवशी घरमालकालाही पाठवा, बिल त्यांच्या नावावर असतं. मीटर जिन्याखाली एकत्र असतील तर बदलायला येणारे तुम्हाला हाक मारतीलच असं नाही. सोसायटीत एकाने तरी सगळ्या मीटरचे फोटो काढून ठेवावेत, आजच, मीटर यायच्या आधी. फोटोत मीटरचा क्रमांक आणि आकडा दोन्ही यायला हवेत, नुसता आकडा उपयोगाचा नाही.

नवा मीटर मला आवडला आहे, हेही प्रामाणिकपणे सांगते. रोजचा वापर ॲपवर दिसतो. १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापराला युनिटमागे सवलत आहे, म्हणून वॉशिंग मशीन आणि इस्त्री सासूबाई दुपारीच उरकतात. रोज संध्याकाळी मला आकडा विचारतात.

दुरुस्त बिलात ४५० युनिटचे पैसे वळते झाले, पण थकबाकीवर लावलेलं व्याज तसंच राहिलं आहे. रक्कम मोठी नाही. तरी त्याचा वेगळा अर्ज परवाच दिला, शिक्का घेतला आहे.